परवानगी वेगळी, ॲट्रिब्यूट वेगळे: लिनक्सवर काट्याच्या नोंदी सांभाळताना

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या पट्ट्यात दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या लागायला लागल्या, की काट्यावरच्या एकाच कॉम्प्युटरवर तिघा-चौघांचे काम चालते. मापारी वजन नोंदवतो, मुनीम त्यावरून कास्तकाराचा चुकारा काढतो, सचिव आठवड्याचा गोषवारा पाहतो. मशीनवर लिनक्स असेल तर कधीतरी ‘फाइल सेव्ह होत नाही’ अशी तक्रार येते आणि कुणीतरी ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, देऊन मोकळे होते. मग एक तर त्यानंतरही फाइल सेव्ह होत नाही. किंवा होते, आणि भर हंगामात वजनाची अख्खी नोंद कुणाच्या तरी हातून पुसली जाते. ज्याचा कापूस गेला त्याच्या हाती फक्त काटापट्टी उरते.

या दोन्ही घोटाळ्यांचे मूळ एकच आहे. फाइलवर दोन निरनिराळ्या प्रकारची बंधने असतात. परवानगी माणूस पाहते: हा मालक आहे, गटातला आहे, की तिसराच कुणी. ॲट्रिब्यूट माणूस पाहतच नाही. या फाइलचे काय होऊ शकते एवढेच ते ठरवते, आणि ते रूटलाही, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही, लागू पडते. पहिल्यासाठी सीएचमॉड, दुसऱ्यासाठी सीएचएटीटीआर. एकाची अडचण दुसऱ्याने सुटत नाही.

आज्ञा टाकण्याबद्दल आधी एक सूचना. इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. मशीनवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाकायच्या. मॉड म्हणजे एम-ओ-डी, टच म्हणजे टी-ओ-यू-सी-एच, एको म्हणजे ई-सी-एच-ओ, सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ. सुडो आधी लावला की पुढची आज्ञा रूटच्या अधिकाराने चालते. जिथे मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे. फाइलींची नावेही रोमनमध्येच ठेवा. देवनागरी नावे लिनक्सला चालतात, पण बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षरे तुटून दिसतात आणि घाईत चुकीची फाइल उडते.

परवानगी वाचायची कशी

एलएस -एल काटा.टीएक्सटी

ही आज्ञा दिली की ओळीच्या सुरुवातीला दहा खुणा दिसतात. पहिली खूण प्रकाराची: साध्या फाइलला आडवी रेघ, फोल्डरला डी. पुढच्या नऊ खुणा तीन-तीनच्या गटांत: मालक, गट, बाकीचे. आर म्हणजे वाचणे, डब्ल्यू म्हणजे लिहिणे, एक्स म्हणजे चालवणे. अंकांत आर ४, डब्ल्यू २, एक्स १. त्यामुळे ६४० म्हणजे मालकाला वाचणे-लिहिणे, गटाला फक्त वाचणे, बाकीच्यांना काहीच नाही. काट्याच्या नोंदीला हाच अंक योग्य. ७७७ देण्याची वेळ नीट बांधलेल्या यंत्रणेत येतच नाही.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, या तिन्ही गटांची बेरीज करत नाही. तुम्ही मालक असाल तर फक्त मालकाच्या तीन खुणा पाहिल्या जातात आणि तपासणी तिथेच थांबते. मालकाला शून्य आणि गटाला ६ दिले असतील, तर मालक स्वतः गटात असूनही त्याला नकार मिळेल. मात्र मालक आपल्या फाइलची परवानगी कधीही बदलू शकतो. परवानगीची खरी मर्यादा हीच आहे: जिच्यावर मापाऱ्याची मालकी आहे त्या फाइलपासून मापाऱ्यालाच रोखणे परवानगीला जमत नाही. ॲट्रिब्यूटची गरज इथून सुरू होते.

फोल्डरचा डब्ल्यू: सगळ्यात जास्त नुकसान इथे होते

फाइल पुसण्यासाठी त्या फाइलवर लिहिण्याची परवानगी लागत नाही. नाव फोल्डरच्या यादीत असते, आणि पुसणे म्हणजे त्या यादीतून नाव काढणे. म्हणून फोल्डरवर डब्ल्यू आणि एक्स असलेला कुणीही आतली फाइल पुसू शकतो, मग ती रूटची असो आणि तिच्यावर ४४० असो. ‘फाइल रीड-ओन्ली केली होती, तरी गेली कशी?’ या प्रश्नाचे उत्तर जवळपास प्रत्येक वेळी वरच्या फोल्डरच्या परवानगीत सापडते.

फोल्डरवर आर म्हणजे आतली नावे पाहणे, डब्ल्यू म्हणजे नावे घालणे, काढणे, बदलणे, आणि एक्स म्हणजे आत शिरणे. एक्स नसेल तर आर असूनही फाइल उघडत नाही. आणि हा एक्स वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर लागतो. उबुंटूमध्ये २१.०४ आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याचे होम फोल्डर ७५० असते. त्यामुळे मापाऱ्याच्या होममधली फाइल ६६६ केली तरी मुनिमाला ती दिसणार नाही. त्याला दारातच अडवले जाते. सामाईक काम होममध्ये ठेवूच नये. त्यासाठी वेगळी जागा करावी, उदाहरणार्थ /एसआरव्ही/काटा.

बांधणी अशी करा

आधी गट, मग त्यात माणसे:

सुडो ग्रुपॲड काटा

सुडो यूजरमॉड -एजी काटा मापारी
सुडो यूजरमॉड -एजी काटा मुनीम

आधी गटाचे नाव, मग माणसाचे; उलटे नव्हे. इथे ए लहान आणि जी मोठा. ए विसरलात तर तो माणूस बाकीच्या सगळ्या जोड-गटांतून बाहेर पडतो. सुडोच्या गटात असलेल्या एकमेव माणसावर हे घडले, तर मशीनची चावीच हातची जाते आणि रिकव्हरी मोडमध्ये जाऊन दुरुस्ती करावी लागते. गट बदलल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करायला सांगा; चालू सत्राला नवा गट कळत नाही. आयडी ही आज्ञा देऊन खात्री करून घ्या. ‘गटात टाकले तरी चालत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते.

आता दोन फोल्डर. एक पक्क्या नोंदींचे, एक रोजच्या कच्च्या कामाचे:

सुडो एमकेडीआयआर -पी /एसआरव्ही/काटा/नोंद /एसआरव्ही/काटा/रोज
सुडो सीएचओडब्ल्यूएन -आर रूट:काटा /एसआरव्ही/काटा
सुडो सीएचमॉड २७५० /एसआरव्ही/काटा /एसआरव्ही/काटा/नोंद
सुडो सीएचमॉड ३७७० /एसआरव्ही/काटा/रोज

दुसऱ्या ओळीतला आर मोठा. चार अंकांतला पहिला अंक खास खुणांचा: २ म्हणजे सेटजीआयडी, १ म्हणजे स्टिकी, दोन्ही मिळून ३. फोल्डरवर सेटजीआयडी असले की आत तयार होणाऱ्या नव्या फाइलचा गट आपोआप ‘काटा’ राहतो. स्टिकी असले की फोल्डरवर सगळ्यांना लिहिता येत असूनही फाइल पुसण्याचा किंवा तिचे नाव बदलण्याचा हक्क फाइलचा मालक, फोल्डरचा मालक आणि रूट यांनाच उरतो. /टीएमपी फोल्डरवर १७७७ असते ते याचसाठी. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कॉम्प्युटर खोलीत पोरांच्या सामाईक फोल्डरलाही हीच खूण लावावी.

‘नोंद’ फोल्डर २७५० आहे, म्हणजे गटाला त्यात डब्ल्यू नाही. मापारी आत जाऊ शकेल, वाचू शकेल, स्वतःच्या फाइलमध्ये लिहू शकेल. पण फाइल पुसू शकणार नाही आणि नवी करू शकणार नाही. हंगामाची फाइल रूटनेच एकदा तयार करून द्यायची.

सेटजीआयडीबद्दल दोन गैरसमज नेहमी आढळतात. पहिला असा की त्याने परवानगीही मिळते. तसे नाही, मिळतो फक्त गट. नव्या फाइलचा अंक यूमास्क ठरवते, म्हणजे नव्या फाइलवर कोणती परवानगी द्यायची नाही हे सांगणारा अंक. यूमास्क ०२२ असेल तर फाइल ६४४ होते आणि गटातल्या दुसऱ्याला तीत लिहिता येत नाही; ००२ असेल तर ६६४ होते. ‘रोज’ फोल्डरमध्ये प्रत्येकाच्या यूमास्कवर विसंबण्यापेक्षा एक डिफॉल्ट एसीएल (नेमक्या गटाला किंवा माणसाला हक्क देणारी जास्तीची यादी) लावून टाका:

सुडो सेटएफएसीएल -डी -एम जी:काटा:आरडब्ल्यूएक्स /एसआरव्ही/काटा/रोज

या ओळीतला शेवटचा एक्स मोठा ठेवा. डिफॉल्ट एसीएल असलेल्या फोल्डरमध्ये नवी फाइल होताना यूमास्क लागूच होत नाही. एसीएल लागले की एलएस -एलच्या खुणांच्या शेवटी अधिकचे चिन्ह दिसते. फाइलवर ते दिसत असेल तर गटाच्या जागचा अंक गटाचा नसून मास्कचा, म्हणजे एसीएलच्या कमाल मर्यादेचा, असतो. सीएचमॉडने तो कमी केला तर एसीएलमधून दिलेले हक्कही गुपचूप कमी होतात.

दुसरा गैरसमज फाइल हलवण्याबद्दल. होममधून एमव्हीने आणलेली फाइल जुनाच गट घेऊन येते, कारण त्याच डिस्कवर ती फाइल तीच राहते, फक्त नाव दुसऱ्या यादीत जाते. सीपीने आणली तर नवी फाइल बनते आणि तिला ‘काटा’ गट मिळतो.

पक्क्या नोंदीला फक्त भर घालू द्यायची

आता मुख्य काम. नोंदीची फाइल करू, मालक ठरवू, परवानगी देऊ, आणि सगळ्यात शेवटी ॲट्रिब्यूट:

सुडो टच /एसआरव्ही/काटा/नोंद/हंगाम.टीएक्सटी
सुडो सीएचओडब्ल्यूएन मापारी:काटा /एसआरव्ही/काटा/नोंद/हंगाम.टीएक्सटी
सुडो सीएचमॉड ६४० /एसआरव्ही/काटा/नोंद/हंगाम.टीएक्सटी
सुडो सीएचएटीटीआर +ए /एसआरव्ही/काटा/नोंद/हंगाम.टीएक्सटी

हा क्रम मोडू नका. लहान ए लागला की सीएचमॉड आणि सीएचओडब्ल्यूएन दोन्ही आज्ञा नाकारल्या जातात. +ए म्हणजे फाइलच्या शेवटी भर घालता येते. आधीचे बदलता येत नाही, फाइल कोरी करता येत नाही, पुसता येत नाही, नाव बदलता येत नाही. मापारी मालक आहे, पण आता त्याला परवानगीही बदलता येत नाही. ॲट्रिब्यूट काढण्याचा अधिकार फक्त रूटकडे.

पाहायचे असेल तर:

एलएसएटीटीआर /एसआरव्ही/काटा/नोंद/हंगाम.टीएक्सटी

रेघांच्या ओळीत ए दिसेल आणि पुढे ई दिसेल. हा ई म्हणजे ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवरची साठवणीची पद्धत. तो जवळजवळ प्रत्येक फाइलवर असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. फोल्डरचे स्वतःचे ॲट्रिब्यूट पाहायचे तर -डी लावा, नाहीतर आतल्या फाइलींची यादी येते.

लावल्यानंतर चाचणी घेतल्याशिवाय सोडू नका. मापाऱ्याच्या लॉगइनमधून, ‘नोंद’ फोल्डरमध्ये उभे राहून:

एको चाचणी >> हंगाम.टीएक्सटी

हे चालले पाहिजे. त्याच ओळीत एकच बाण ठेवला तर फाइल कोरी व्हायची. इथे ‘ऑपरेशन नॉट पर्मिटेड’ असा नकार आला पाहिजे. मग सुडो आरएम देऊन पाहा. रूटलाही तोच नकार मिळतो. रूट म्हणून भर घालायची असेल तर ‘सुडो एको … >>’ चालणार नाही. बाणाचे काम तुमचे शेल (टर्मिनलमध्ये आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) करते, सुडो नव्हे. त्याऐवजी एकोचा मजकूर उभ्या दांडीने ‘सुडो टीईई -ए’ कडे द्यावा.

चुकीचे वजन पडले तर काय, हा प्रश्न मापारी विचारणारच. उत्तर वहीतल्या हिशेबासारखेच: खोडायचे नाही, खाली रद्दची ओळ घालायची आणि तिच्याखाली दुरुस्त ओळ. पावती क्रमांक, गाडीचा क्रमांक, भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, निव्वळ क्विंटल, वेळ आणि रद्दचे कारण. मुनिमाच्या गोषवाऱ्यात रद्द ओळी वजा करण्याची सोय आधीच करून ठेवा, नाहीतर त्याच वजनाचा चुकारा दोनदा निघेल.

हे कुठे चालत नाही

+ए चे बंधन नेमके आहे, म्हणून ते सरसकट लावता येत नाही. फाइल ‘भर घालण्याच्या’ पद्धतीने उघडणारे सॉफ्टवेअरच चालते. नॅनो, व्हिम, लिब्रेऑफिस हे सेव्ह करताना फाइल पुन्हा पहिल्यापासून लिहितात, किंवा नवी फाइल करून जुनीच्या जागी ठेवतात. दोन्ही मार्ग बंद असतात. काट्याचे सॉफ्टवेअर डेटाबेस वापरत असेल तर त्या डेटाबेसच्या फाइलला +ए मुळीच लावू नका. डेटाबेस फाइलच्या मधल्या पानांवर लिहितो, त्यामुळे पहिल्याच गाडीला काम ठप्प होईल. एसक्यूलाइटला तर फाइलशेजारी जर्नलची तात्पुरती फाइल बनवावी लागते, म्हणजे फोल्डरवरही डब्ल्यू हवा; २७५० च्या फोल्डरमध्ये ते चालणार नाही. असे सॉफ्टवेअर ‘रोज’ फोल्डरमध्ये चालवा, रोज काटा बंद झाल्यावर दिवसाच्या ओळी टेक्स्टमध्ये काढा आणि ‘नोंद’ मधल्या फाइलला जोडा. बंधन त्या पक्क्या फाइलवर.

लॉग फिरवणारी यंत्रणाही अडते, कारण ती फाइलचे नाव बदलते. म्हणून नोंदीची फाइल हंगामागणिक एक अशीच ठेवणे सोयीचे.

लाइन वारंवार जाते अशा गावात मोठा एस हे आणखी एक ॲट्रिब्यूट उपयोगी पडते. सुडो सीएचएटीटीआर +एस दिले की त्या फाइलवरचे लिखाण मेमरीत न थांबता लगेच डिस्कवर पाठवले जाते. दर गाडीला एक ओळ पडते अशा फाइलला त्याचा जाच होत नाही. मोठ्या, सतत लिहिल्या जाणाऱ्या फाइलला मात्र मशीन संथ होईल. यूपीएसची गरज त्याने संपत नाही. लहान एस वेगळा आहे: पुसलेल्या फाइलच्या जागी शून्ये भरणे असा त्याचा अर्थ, आणि ईएक्सटी४ वर तो पाळलाच जात नाही. सी आणि यू या लहान अक्षरांचेही तसेच. लागल्यासारखी दिसतात, काम करत नाहीत.

हंगाम संपल्यावर

शेवटचा चुकारा झाला, ताळा जुळला, की फाइल पूर्ण बंद करायची:

सुडो सीएचएटीटीआर +आय /एसआरव्ही/काटा/नोंद/हंगाम.टीएक्सटी

आय लागला की भरही घालता येत नाही. वाचता येते, बाकी काही नाही. तिच्यावर नवी हार्ड लिंकही, म्हणजे त्याच फाइलला दुसरे नाव, करता येत नाही. आधीचा ए तसाच राहू द्या. पुढे कधी आय काढावा लागला तर ए चे बंधन शिल्लक राहील.

फोल्डरला आय लावला तर यादी गोठते: आत नवी फाइल होत नाही, असलेली जात नाही. पण असलेल्या फाइलीतला मजकूर बदलता येतो! सगळेच बंद करायचे तर मोठा आर लावून सीएचएटीटीआर -आर +आय द्या. फोल्डरला ए लावला तर नव्या फाइली घालता येतात, काढता येत नाहीत; स्कॅन केलेल्या पावत्यांच्या फोल्डरला हे फार चांगले.

सिस्टिमच्या फाइलींवर आय लावण्याचा मोह टाळा. पुढच्या अपडेटला पॅकेज अर्धवट बसते आणि तोवर कारण कुणाच्या लक्षात राहिलेले नसते. कुठे काय लावले आहे याची यादी काढून ठेवा: एलएसएटीटीआर -आर (मोठा आर) चे उत्तर एका फाइलमध्ये घेतले की झाले.

नकार कोणत्या शब्दांत आला ते वाचा

निदानाचे निम्मे काम संदेशच करतो, आणि लोक तोच वाचत नाहीत.

‘पर्मिशन डिनाइड’ आले तर अडचण परवानगीची आहे. आधी आयडी, मग एनएएमईआय -एल आणि पुढे फाइलचा पूर्ण मार्ग. ही आज्ञा मुळापासून फाइलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरचा मालक, गट आणि खुणा एकाखाली एक दाखवते. कुठल्या दारात एक्स नाही ते लगेच दिसते. तेवढीच एक जागा दुरुस्त करा.

‘ऑपरेशन नॉट पर्मिटेड’ आले तर सीएचमॉडकडे धावू नका. आधी एलएसएटीटीआर पाहा, फाइलवर आणि -डी लावून फोल्डरवरही. तिथे ए किंवा आय नसेल तर स्टिकी फोल्डरमधली दुसऱ्याची फाइल पुसायला गेला असाल, किंवा आपल्या मालकीची नसलेली फाइल सीएचमॉड करायला गेला असाल. जुन्या कर्नलवर आय असलेली फाइल लिहायला उघडली तर ‘पर्मिशन डिनाइड’ असाच संदेश येतो. म्हणून परवानगी बरोबर दिसत असूनही नकार येत असेल तर एलएसएटीटीआर तरीही पाहावे.

‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ हा तिसरा संदेश, आणि लाइन अचानक गेल्यानंतर हाच येतो. डिस्कवरच्या मांडणीत दोष दिसला की कर्नल अख्खे पार्टिशन फक्त वाचण्यापुरते ठेवतो. उबुंटूच्या मूळ पार्टिशनची मांडणी तशीच असते. इथे परवानगीचा दोष नाही, ॲट्रिब्यूटचाही नाही. सुडो डीएमईएसजी मध्ये कारण पाहा, चालू पार्टिशनवर दुरुस्ती करू नका, रिकव्हरी मोडमधून एफएससीके ही डिस्कची मांडणी तपासणारी आज्ञा चालवा. त्याआधी नोंदीची प्रत काढून घ्या. वाचणे अजून चालू असते. असे दोष वारंवार आले तर डिस्क बदला.

आणि काही झाले तरी मोठा आर लावून मुळापासून सगळ्याला ७७७ देऊ नका. सुडोच्या फाइलवरची सेटयूआयडी खूण (जिच्यामुळे तो रूटच्या अधिकाराने चालतो) त्याने उडते आणि सुडोच चालेनासा होतो. दुसऱ्या मशीनवर लॉगइन करून देणारे एसएसएच उघड्या परवानगीच्या किल्ल्या स्वीकारत नाही. कोणत्या फाइलचा आधी काय अंक होता हे कुठे लिहिलेले नसते, त्यामुळे परतीचा सोपा रस्ता नाही. बहुतेक वेळा सिस्टिम पुन्हा बसवावी लागते. एखादे फोल्डर सरसकट सुधारायचेच असेल तर अंकांऐवजी यू=आरडब्ल्यूएक्स,जी=आरएक्स,ओ= असे द्या आणि दोन्ही एक्स मोठे ठेवा. मोठा एक्स फोल्डरना लागतो, आणि फाइलींपैकी ज्यांवर आधीच एक्स आहे त्यांनाच.

पेन ड्राइव्ह आणि बॅकअप

पेन ड्राइव्हवर बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते. तिथे मालकच नसतो, गट नसतो, यातले एकही ॲट्रिब्यूट नसते. दिसतो तो अंक जोडताना ठरवलेला, सगळ्या फाइलींना एकच. म्हणून पेन ड्राइव्हवर नेलेली आणि परत आणलेली फाइल आपली परवानगी गमावून येते. उपाय: आधी टीएआरमध्ये, म्हणजे एका गठ्ठा-फाइलमध्ये, बांधा, मग ती एक फाइल पेन ड्राइव्हवर टाका.

सुडो टीएआर -सीझेडपीएफ नोंद.टीएआर.जीझेड /एसआरव्ही/काटा/नोंद

मालक, गट आणि अंक त्यात जपले जातात. फॅट३२ वर एका फाइलची मर्यादा ४ जीबी, तेवढे ध्यानात ठेवा. पण सीएचएटीटीआरची बंधने टीएआरमध्ये जात नाहीत. सीपी -ए, आरसिंक -ए यांतूनही जात नाहीत. बॅकअपमधून परत आणलेली नोंद उघडी असते. परत आणल्यावर ए आणि आय नव्याने लावणे हे त्या कामाचाच भाग समजा. वर काढून ठेवलेली यादी इथे कामी येते. परवानगी मिळूनही सीएचएटीटीआरने ‘इनॲप्रोप्रिएट आयओसीटीएल’ म्हटले, तर त्या डिस्कची फाइल सिस्टिम ही सोय देत नाही. ईएक्सटी४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएसवर ए आणि आय दोन्ही चालतात.

मॅक आणि फ्रीबीएसडीवर हीच गोष्ट सीएचफ्लॅग्जने होते. ही आज्ञा ४.४ बीएसडीपासूनची. तिथे दोन पातळ्या आहेत. यूसीएचजी हा मालक किंवा रूट लावू शकतो आणि काढूही शकतो. मॅकच्या फाइंडरमधली ‘लॉक्ड’ ची चौकट म्हणजे तोच. एससीएचजी रूटचा, आणि फ्रीबीएसडीवर सिक्युअरलेव्हल (कर्नलची सुरक्षा-पातळी) १ किंवा त्याहून वर असेल तर चालू मशीनवर रूटलाही तो काढता येत नाही. लिनक्सवर इतकी कडक सोय थेट मिळत नाही. रूटचा पासवर्ड ज्याच्याकडे, तो ए आणि आय दोन्ही काढू शकतो. आणि जो दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करू शकतो तोही.

म्हणून रूटचा पासवर्ड मापारी किंवा मुनीम यांच्यापैकी कुणाकडे नसावा. आणि हंगाम बंद करताना ‘नोंद’ फोल्डरमध्ये उभे राहून, आय लावल्यावर ही आज्ञा द्यावी:

एसएचए२५६सम हंगाम.टीएक्सटी

चौसष्ट अक्षरांचा एक आकडा येतो. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी तो पूर्ण बदलतो. तो कागदावर छापून, तारीख घालून, सचिव आणि मुनीम दोघांच्या सह्या घेऊन दप्तरात लावा. पुढच्या वर्षी कास्तकार जुनी काटापट्टी घेऊन आला आणि वजनावरून वाद झाला, तर तीच आज्ञा त्याच्यासमोर पुन्हा चालवा आणि आकडा कागदाशी ताडून पाहा.